जुन्या ध्वनियंत्रांच्या लाकडी पेट्यांचे पॉलिश

ग्रामोफोन, व्हॉल्व्हचे (तापणाऱ्या काचेच्या नळ्यांवर चालणारे) रेडिओ, रेडिओग्राम (रेडिओ आणि ग्रामोफोन एकाच पेटीत), अँप्लिफायर आणि स्पीकर यांच्या लाकडी पेट्यांवरचे खराब झालेले पॉलिश दुरुस्त करण्याची किंवा ते उतरवून नवे चढवण्याची कारागिरी. साधने आणि रसायने फर्निचरच्या पॉलिशचीच असतात, तरी हे काम दोन बाबतींत वेगळे पडते. या पेट्या सहसा भरीव लाकडाच्या नसतात. आणि कारखान्यातून निघताना त्यांचा जो रंग दिसे, तो बराचसा लाकडाचा नसून वरच्या लेपात मिसळलेला असे. पॉलिश खरवडून काढले की आतून सुंदर लाकूड निघेल, ही समजूत म्हणूनच अनेक पेट्यांना भोवली आहे.

व्हिक्टर कंपनीने १९०६ मध्ये 'व्हिक्ट्रोला' बाजारात आणला आणि ग्रामोफोनचा कर्णा पेटीच्या पोटात गेला. यंत्र दिवाणखान्यातले फर्निचर झाले. त्या काळच्या पेट्यांवर चपडा लाखेचे किंवा तेलाच्या व्हार्निशचे लेप असत. १९२० नंतरच्या दशकात मोटारींसाठी आलेला नायट्रोसेल्युलोज लॅकर लाकूडकामातही शिरला. फवारणीने बसणारा, काही मिनिटांत वाळणारा हा लेप रेडिओच्या कारखान्यांना सोयीचा होता; फिल्कोसारख्या कंपन्यांच्या १९३०च्या आसपासच्या कमानदार पेट्यांवर तोच आढळतो. ब्रिटनमध्ये मर्फी कंपनीने आर. डी. रसेल या फर्निचरकाराकडून साध्या, सपाट पेट्या करून घेतल्या, तर एक्को कंपनीने १९३४ मध्ये लाकूड सोडून बेकेलाइट या सुरुवातीच्या प्लास्टिकचा गोल रेडिओ काढला. १९५०च्या दशकातल्या जर्मन रेडिओंवर पियानोसारखी चकाकी असे. त्यानंतर तेल पाजलेल्या सागाची आणि अक्रोडाची चलती आली, आणि १९७०च्या दशकात स्वस्त यंत्रांवर लाकडाची नक्षी छापलेले व्हिनाइल आले.

पेटीच्या कडेला नीट पाहिले की तिची बांधणी कळते. आत प्लायवूड किंवा हलके लाकूड, आणि त्यावर सरसाने चिकटवलेला अक्रोडाचा, महोगनीचा किंवा शिसवीचा पातळ पापुद्रा, म्हणजे विनियर. त्याची जाडी जेमतेम एक मिलिमीटर, कधी त्याहूनही कमी. कोपऱ्याच्या पट्ट्या, पाया आणि गोलाई स्वस्त लाकडाची असे. ती विनियरशी जुळावी म्हणून कारखाने लॅकरमध्येच रंग मिसळून फवारत. काही पेट्यांवर तर उंची लाकडाची नक्षी छापलेली असे. अशा जागी पॉलिश उतरवणारे रसायन लावले तर नक्षीच पुसली जाते आणि खाली फिकट, निर्जीव लाकूड उरते. पेटी दोन-तीन वेगवेगळ्या रंगांची दिसू लागली की हाच प्रकार घडलेला असतो.

म्हणून पहिले काम परीक्षेचे. पेटीच्या तळाशी, न दिसणाऱ्या जागी कापसाच्या बोळ्याने स्पिरिट लावतात. लेप चिकट होऊन सुटू लागला तर तो लाखेचा. स्पिरिटने फारसे काही झाले नाही, पण थिनरने विरघळला तर लॅकर. दोन्हींना दाद दिली नाही तर व्हार्निश, पॉलिएस्टर किंवा नंतर कुणीतरी मारलेले पॉलियुरेथेन. लाख आणि लॅकर यांचा मोठा गुण असा की, त्यांचा नवा हात जुन्यात विरघळून एकजीव होतो. वाळलेल्या व्हार्निशवर नवे व्हार्निश मात्र नुसते थर म्हणून बसते.

बहुतेक पेट्यांना पूर्ण पॉलिशची गरजच नसते. धूर, तेलकट हात आणि जुने मेण यांचा थर सौम्य साबणाच्या जेमतेम ओलसर फडक्याने किंवा मिनरल टर्पेंटाइनने निघाला की खालचा लेप शाबूत सापडतो. पाण्याच्या पेल्याचे पांढरे वर्तुळ बहुधा लेपातच अडकलेल्या ओलाव्याचे असते, लाकडापर्यंत ते पोहोचलेले नसते. काळा डाग मात्र लाकडात उतरलेला असतो. तो लोखंड आणि ओलीमुळे पडला असेल तर ऑक्झॅलिक ॲसिडने फिका होतो. जाळीसारख्या भेगा पडलेल्या लॅकरवर सावकाश उडणारा थिनर हलक्या हाताने फिरवला तर तो पुन्हा मऊ होऊन सांधतो, रंगही जागचा हलत नाही. एकाच जागी फार घासले तर मात्र तो ओघळतो. या युक्तीला धीर लागतो. संग्राहकांच्या लेखी कारखान्यातला थोडा झिजलेला लेप नव्या चकाकीपेक्षा मोलाचा असतो, आणि ते रास्तच आहे. एकदा उतरवलेला मूळ लेप परत आणता येत नाही.

सर्वांत आधी खराब होतो तो वरचा फळा. खिडकीतले ऊन, व्हॉल्व्हची उष्णता आणि वर ठेवलेली फुलदाणी असा तिहेरी मारा त्याच्यावर होतो. उन्हाने अक्रोड फिका पडतो, त्यामुळे बाजू गडद आणि माथा पिवळट असा फरक दिसतो.

पूर्ण काम करायचेच झाले तर यंत्राचा सांगाडा, स्पीकर, बटणे आणि जाळीचे कापड आधी बाहेर काढतात. व्हॉल्व्हच्या यंत्रातले मोठे कपॅसिटर प्लग काढल्यावरही विद्युतभार धरून राहू शकतात, त्यामुळे हे काम जाणकाराकडून करून घ्यावे. आतली सर्किटची चिठ्ठी, शिक्का आणि पुढचे नाव यांचे फोटो काढून ठेवतात, कारण ही नावे बहुधा पातळ चिकटचित्रे असतात आणि थिनरने क्षणात विरघळतात. स्पीकर पेटीत असताना स्टील वूल वापरू नये. त्याचे बारीक कण चुंबकाकडे ओढले जातात, कॉइलच्या फटीत बसतात आणि आवाज खरखरतो. काही पेट्यांच्या आत उष्णतेपासून बचावासाठी ॲस्बेस्टॉसचा कागद चिकटवलेला असतो. तो घासू वा फाडू नये.

लेप काढायला सँडपेपर नव्हे, रसायन आणि बोथट पट्टी वापरतात. मेथिलीन क्लोराइडची रसायने झपाट्याने काम करतात, पण त्यांच्या वाफांनी माणसे दगावली आहेत. अमेरिकेने २०१९ मध्ये घरगुती पॉलिश काढण्यासाठी त्यांची विक्री बंद केली. यंत्राने घासणे विनियरवर जवळजवळ नेहमीच महागात पडते. कडा सर्वांत आधी कापली जाते आणि खालचे प्लायवूड उघडे पडते. हाताने, ठोकळ्यावर गुंडाळलेल्या २२० क्रमांकाच्या कागदाने, रेषांच्या दिशेने दोन-चार फेऱ्या पुरतात.

फुगलेला पापुद्रा सुरीने रेषेच्या दिशेने चिरून सुईने सरस सोडतात आणि वर मेणकागद ठेवून दाब देतात. जुना सरस उष्णतेने आणि ओलीने मऊ होतो. त्यामुळे पॉलिश काढलेल्या जागी ओलसर कापडावरून कोमट इस्त्री फिरवून तोच पुन्हा बसवता येतो. तुटलेला तुकडा घालायचा तर त्याच जातीचे, त्याच जाडीचे विनियर शोधावे लागते. आजचे विनियर जुन्याहून बरेचदा पातळ निघते. ब्राझिलियन शिसवीचा आंतरराष्ट्रीय व्यापार १९९२ पासून कडक निर्बंधांखाली असल्याने तिच्या पेट्यांसाठी कारागीर मोडक्या फर्निचरमधले जुने तुकडे जपून ठेवतात.

मग रंग. अक्रोड आणि महोगनी यांची छिद्रे उघडी असल्याने आरशासारखी चकाकी हवी असेल तर त्यांत भरणी रेषांच्या आडव्या दिशेने घासून भरावी लागते. पहिल्या पातळ हातानंतर रंगीत लॅकरचे फवारे देतात, तेही थोडे-थोडे, पट्ट्यांवर जास्त आणि मधल्या विनियरवर कमी, अगदी कारखान्याप्रमाणे. वर बिनरंगी लॅकरचे हात. हवा दमट असेल तर थिनर उडताना थंड झालेल्या पृष्ठभागावर दव धरते आणि लेप दुधाळ होतो. अशा दिवशी काम थांबवलेले बरे. हाताला कोरडा लागला तरी लॅकर कित्येक दिवस आकसत राहतो, म्हणून अखेरची घासाई लांबणीवर टाकतात. ग्रामोफोनच्या जुन्या पेटीला लाखच शोभते. स्पिरिटमध्ये भिजवलेली चपडा लाख कापडाच्या बोळ्याने, तेलाचा थेंब घेत, शेकडो पातळ फेऱ्यांत चढवतात.

तेलाच्या पेट्या सोप्या. स्वच्छ करून तेल लावायचे, मुरू द्यायचे आणि उरलेले पुसायचे. जवसाच्या तेलाची फडकी मात्र गोळा करून टाकू नयेत. वाळताना ती आपोआप तापून पेट घेतात, म्हणून पसरून वाळवतात किंवा पाण्यात बुडवतात. व्हिनाइलखालचा भुशाचा फळा एकदा पाण्याने फुगला की पुन्हा मूळ आकारात येत नाही.

नव्या पॉलिशने आवाज सुधारतो, असा दावा अधूनमधून कानी पडतो. फळ्याच्या जाडीपुढे बाहेरचा लेप इतका पातळ असतो की त्याचा परिणाम कानाला जाणवण्याजोगा नसतो. सांधे मात्र महत्त्वाचे आहेत. एडगर विल्चर यांच्या १९५४ च्या एआर-१ सारख्या हवाबंद स्पीकरमध्ये खालच्या सुरांचा ताबा पेटीतल्या हवेकडे असतो, आणि काम करताना सुटलेला एखादा सांधा किंवा स्पीकरभोवती हवा अडवणारी, बसवायची विसरलेली गॅस्केट तो ताबा घालवते.