अनकॅनी एक्स-मेन

अनकॅनी एक्स-मेन : मार्व्हल कॉमिक्स या अमेरिकन प्रकाशनसंस्थेचे सुपरहिरोंच्या चमूवरचे कॉमिक. लेखक स्टॅन ली आणि चित्रकार जॅक कर्बी यांनी ते १९६३ साली नुसत्या ‘एक्स-मेन’ या नावाने सुरू केले; ‘अनकॅनी’ हे विशेषण नंतर चिकटले. यातले नायक म्युटंट आहेत. त्यांची शक्ती कुठल्या अपघातातून आलेली नाही, जन्मतःच अंगात आहे आणि बहुधा वयात येताना उघडी पडते. प्रत्येक पात्राला शक्ती कशी मिळाली, याची वेगळी कथा रचण्याचा ली यांचा त्रासही त्यामुळे वाचला. न्यूयॉर्क राज्यातल्या वेस्टचेस्टर परगण्यात प्रोफेसर चार्ल्स झेवियर यांची खासगी शाळा आहे. सायक्लॉप्स, बीस्ट, एंजल, आइसमन आणि मार्व्हल गर्ल ऊर्फ जीन ग्रे हे तिचे पहिले पाच विद्यार्थी. ज्या लोकांना वाचवायचे, तेच लोक त्यांच्या जिवावर उठलेले असतात.

कल्पना चांगली असूनही अंक फारसे खपले नाहीत. १९७० मध्ये नव्या कथा थांबल्या आणि पुढे १९७५ पर्यंत जुन्याच कथा पुन्हा छापून वेळ निभावली गेली.

१९७५ च्या ‘जायंट-साइझ एक्स-मेन’ या जाड अंकात लेखक लेन वीन व चित्रकार डेव्ह कॉक्रम यांनी चमूच बदलला. केनियात देवी म्हणून पुजली जाणारी स्टॉर्म, सोव्हिएत सामूहिक शेतावरचा पोलादी देहाचा कोलॉसस, दिसायला सैतान पण मनाने भाविक असा जर्मन नाइटक्रॉलर आणि कॅनडाचा तिरसट वुल्व्हरिन त्यात आले. क्राकोआ नावाचे बेट या चमूला गिळू पाहते, कारण ते बेटच जिवंत असते. पुढच्याच अंकांपासून लेखन ख्रिस क्लेरमाँट यांच्याकडे गेले, ते १९९१ पर्यंत. एखादा धागा सोडायचा आणि वर्ष-दीड वर्षाने उचलायचा, ही त्यांची सवय. पात्रे बोलतातही फार. मारामारीच्या चौकटीतसुद्धा संवादांचे फुगे मावत नाहीत.

चित्रकार जॉन बर्न यांच्या साथीने रचलेले ‘डार्क फिनिक्स’ (१९८०) हे मालिकेतले सर्वांत गाजलेले कथानक. फिनिक्सच्या वैश्विक शक्तीने झपाटलेली जीन भुकेपोटी एक तारा गिळते आणि त्याच्या ग्रहावरचे पाच अब्ज जीव भस्म होतात. मूळ आराखड्यात तिची शक्ती काढून घेऊन तिला जिवंत सोडायचे ठरले होते. मुख्य संपादक जिम शूटर यांनी हरकत घेतली : एवढा संहार करून ही सुटणार कशी? शेवट बदलावा लागला. १३७व्या अंकात जीन चंद्रावर, सायक्लॉप्सच्या डोळ्यांदेखत, स्वतःला संपवते. हा शेवट आधीच्यापेक्षा कितीतरी सरस ठरला. टाकून दिलेला शेवटही १९८४ मध्ये स्वतंत्रपणे छापला गेला, म्हणून दोन्ही ताडून पाहता येतात.

‘डेज ऑफ फ्यूचर पास्ट’ (१९८१) जेमतेम दोन अंकांचे. १४१व्या अंकाच्या मुखपृष्ठावर भिंतीला लावलेला फलक दिसतो. त्यावर नायकांचे चेहरे, कोणावर ‘ठार’, कोणावर ‘जेरबंद’ अशी पट्टी. पुढे प्रकाशझोतात सापडलेला, केस पिकू लागलेला वुल्व्हरिन. सेंटिनल या म्युटंटांची शिकार करणाऱ्या यंत्रमानवांच्या ताब्यातल्या २०१३ सालातून, चमूतल्या केट प्राइडचे मन भूतकाळातल्या तिच्याच कोवळ्या देहात धाडले जाते. या भविष्याला कारण ठरलेली, म्युटंटविरोधी सिनेटर केली यांची हत्या टाळायची असते. सिनेटर वाचतात, पण सरकार गुपचूप सेंटिनल बनवायला घेतेच.

मॅग्नेटो हा सुरुवातीला साधा, आरडाओरडा करणारा खलनायक होता. १५०व्या अंकात (१९८१) तो ऑशविट्झ छळछावणीतून वाचलेला असल्याचे उघड झाले, आणि मग म्युटंटांनी माणसांशी जुळवून घ्यावे की लढावे, हा झेवियरशी त्याचा वाद एकतर्फी राहिला नाही. झेवियर-मॅग्नेटो संघर्षाला कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्क चळवळीचे रूपक मानण्याची रूढी आहे; १९६३ च्या अंकांत मात्र त्याला फारसा आधार सापडत नाही.

१९९१ मध्ये क्लेरमाँट व चित्रकार जिम ली यांच्या नुसत्या ‘एक्स-मेन’ या जोडमालिकेचा पहिला अंक ८० लाखांहून अधिक प्रतींनी विकला गेला. वेगवेगळ्या मुखपृष्ठांमुळे एकेकाने चार-पाच प्रती घेतल्या, हेही त्यात आले.

जीन १९८६ मध्येच परतली होती. मेलेल्यांना उठवण्याची कॉमिकवाल्यांची ही खोड लेखक जोनाथन हिकमन यांनी २०१९ मध्ये कथेचा नियमच करून टाकली : क्राकोआ म्युटंटांचा देश झाला आणि तिथे मेलेला म्युटंट मोठ्या अंड्यातून नव्या देहानिशी बाहेर येऊ लागला.