उतारवयात छातीत पाणी का साठते?

फुफ्फुसावर एक पातळ आवरण असते आणि बरगड्यांच्या आतल्या बाजूला तसेच दुसरे. निरोगी माणसात या दोहोंमध्ये जेमतेम दोन-चार चमचे द्रव असतो. तो सतत पाझरतो आणि तितकाच शोषला जातो, म्हणून श्वास घेताना फुफ्फुस सहज सरकते. पाझरणे वाढले किंवा शोषण घटले की पाणी साठते. उतारवयात यामागे अनेकदा एकाहून अधिक कारणे असतात.

सर्वांत नेहमीचे कारण म्हणजे कमजोर झालेले हृदय. त्याची रक्त पुढे ढकलण्याची ताकद कमी झाली की फुफ्फुसातील रक्तवाहिन्यांत दाब वाढतो आणि द्रव बाहेर झिरपतो. पाणी बहुधा दोन्ही बाजूंना असते, पावले सुजतात आणि रात्री आडवे होताच धाप लागल्याने उशाखाली आणखी एक उशी घ्यावी लागते. यकृताच्या सिरॉसिसमध्ये (यकृत कडक होऊन निकामी होत जाणे) पोटातले पाणी छाती आणि पोट यांमधल्या श्वासपटलातील बारीक छिद्रांतून वर, बहुतेक वेळा उजवीकडे, शिरते. मूत्रपिंडाचे विकार आणि रक्तातील अल्ब्युमिन या प्रथिनाची कमतरता हीदेखील कारणे आहेत.

न्यूमोनिया, क्षयरोग, कर्करोग किंवा फुफ्फुसाच्या रक्तवाहिनीत अडकलेली गुठळी यांमुळे होणारे पाणी वेगळे असते, कारण त्यात आवरणालाच दाह होतो आणि प्रथिने बाहेर पडतात. हा फरक ओळखण्याचे निकष अमेरिकी फुफ्फुसतज्ज्ञ रिचर्ड लाइट यांनी 1972 मध्ये मांडले. पाण्यातील प्रथिने रक्तातील प्रथिनांच्या निम्म्याहून अधिक असणे हा त्यांतला एक. मात्र हृदयरुग्ण लघवीच्या गोळ्या घेत असेल तर पाणी दाट होऊन हे निकष फसू शकतात, म्हणून चालू औषधांची यादी डॉक्टरांना दाखवणे फार महत्त्वाचे आहे.

आपल्याकडे एकाच बाजूला पाणी दिसले की क्षयरोगाची शंका येते आणि ती रास्तच आहे. पण वृद्ध रुग्णाला केवळ अंदाजावर क्षयरोगाची औषधे सुरू करणे मला धोक्याचे वाटते. पाण्यातील एडीए हे विकर (एन्झाइम) वाढलेले असणे हा क्षयरोगाचा उपयुक्त पुरावा असला, तरी ते पू झाल्यास किंवा लिम्फोमा या लसिका ग्रंथींच्या कर्करोगातही वाढते. दरम्यान कर्करोग असेल तर मोलाचे महिने निघून जातात. कर्करोगामुळे झालेल्या पाण्यातही पहिल्या नमुन्यात कर्कपेशी साधारण 60 टक्के रुग्णांतच सापडतात. त्यामुळे अहवाल निर्दोष आला तरी पाणी पुन्हा भरत असेल, वजन घटत असेल किंवा पाणी रक्ताळलेले असेल, तर सीटी स्कॅन आणि गरज पडल्यास आवरणाचा तुकडा काढून तपासणी करून घ्यावी.