सीआरपी: न्यूमोनियाच्या वॉर्डातून हृदयाच्या फाइलमध्ये

'सीआरपी', म्हणजे रक्तातलं सी-रिॲक्टिव्ह प्रोटीन, हे नाव नागपूरकरांना कोविडमध्ये पाठ झालं. धंतोली, रामदासपेठेतल्या लॅबसमोर ताटकळणाऱ्या नातेवाइकांच्या तोंडी तेव्हा हाच आकडा असायचा. आता तो 'एचएस-सीआरपी' होऊन फुल बॉडी चेकअपच्या रिपोर्टात कोलेस्टेरॉलच्या शेजारी छापून येतो. तापाची तपासणी हृदयाच्या खात्यात आली कशी?

न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये १९३० साली विल्यम टिलेट आणि थॉमस फ्रान्सिस न्यूमोनियाच्या रुग्णांचं रक्त तपासत होते. न्यूमोकोकस जंतूपासून काढलेला 'सी' नावाचा अंश त्यात मिसळला की साका धरायचा. ताप उतरून माणूस सावरला की साका धरेनासा व्हायचा. म्हणजे या प्रथिनाची पहिली ओळखच त्याच्या चढउतारातून झाली. ते यकृतात तयार होतं, दुखणं येऊन शरीरात दाह (इन्फ्लमेशन) झाला की काही तासांत वाढतं आणि कारण सरलं की साधारण एकोणीस तासांत निम्मं होतं.

धमन्यांच्या भिंतीत दाह असतो, हे जर्मन डॉक्टर रुडॉल्फ विर्शो यांनी एकोणिसाव्या शतकातच मांडलं होतं. पण पुढे कोलेस्टेरॉलचा बोलबाला इतका झाला की दाहाची गोष्ट अडगळीत पडली. ती बाहेर काढली १९९७ मध्ये बोस्टनचे हृदयरोग-संशोधक पॉल रिडकर यांनी. वरकरणी धडधाकट असलेल्या डॉक्टरांच्या जपून ठेवलेल्या रक्तात सीआरपी किंचित जास्त असेल, तर पुढे हार्ट अटॅकचा धोकाही जास्त दिसला. 'किंचित' हा शब्द इथे महत्त्वाचा; तेवढं पकडायलाच हाय-सेन्सिटिव्हिटी चाचणी लागते. २००३ मध्ये अमेरिकेतल्या मार्गदर्शक सूचनांनी लिटरमागे १ मिलिग्रॅमच्या आत कमी धोका, ३ च्या वर जास्त, अशी पट्टी आखली. त्याच सूचनांत साधारण दोन आठवड्यांच्या अंतराने दोनदा मोजून सरासरी काढा, असंही होतं; हे वाक्य पॅकेज विकणारे सोयीस्करपणे विसरले.

मग आकडा खाली आणला तर? २००८ च्या ज्युपिटर चाचणीत १७,८०२ जणांपैकी निम्म्यांना रोसुव्हास्टॅटिन हे कोलेस्टेरॉल उतरवणारं स्टॅटिन गटातलं औषध दिलं. एलडीएल, म्हणजे 'वाईट' कोलेस्टेरॉल, फारसं नसूनही त्यांचे झटके घटले. पण स्टॅटिन एलडीएलही उतरवतं, त्यामुळे श्रेय कुणाचं हा वाद उरलाच. तो बराचसा मिटवला २०१७ च्या कँटोस चाचणीने: कॅनाकिनुमॅब हे दाह शमवणारं औषध एलडीएलला हातही लावत नाही, तरी हृदयाच्या घटना सुमारे १५ टक्क्यांनी कमी झाल्या. ज्यांचा सीआरपी तीन महिन्यांत २ च्या खाली उतरला, त्यांना फायदा जास्त. जिवावर बेतणारे संसर्ग मात्र वाढले. त्याआधीच जनुकीय अभ्यासांनी सांगितलं होतं, की सीआरपी स्वतः गुन्हेगार नाही, नुसता चहाडखोर आहे.

तो चहाडी कशाचीही करतो. ऑगस्ट-सप्टेंबरात इथे डेंग्यू-चिकनगुनियाचे ताप घरोघरी. त्यातून उठल्या उठल्या चेकअप केलं तर हृदयाचा आकडा म्हणून हाती तापाचाच येतो. लिटरमागे १० च्या वर गेला, तर आधी संसर्ग शोधायचा आणि बरं झाल्यावर पुन्हा मोजायचं. जुना-नवा रिपोर्ट जुळवताना एकक तेवढं बघावं. काही लॅब डेसिलिटरमध्ये लिहितात, तिथला ०.३ म्हणजे लिटरमधला ३.