कुकी हटवली, तर फायदा कोणाचा?

१७ ऑक्टोबर २०२५ रोजी ब्रिटनच्या ‘कॉम्पिटिशन अँड मार्केट्स ऑथॉरिटी’ने, म्हणजे सीएमएने, गुगलला स्पर्धेच्या शंका मिटेपर्यंत कुकी न हटवण्याच्या एका जुन्या लेखी हमीतून मोकळं केलं. त्याच दिवशी गुगलने कुकीला पर्याय शोधणाऱ्या ‘प्रायव्हसी सँडबॉक्स’ प्रकल्पातली बहुतेक तंत्रं गुंडाळत असल्याचं जाहीर केलं. ही बातमी वाचून अनेकांना प्रश्न पडला: गुगल कुकी हटवायला निघालं होतं, म्हणजे आपली प्रायव्हसी वाढणारच होती; मग स्पर्धा नियामकाने त्यात आडकाठी का आणावी?

कुकीचा शोध १९९४चा, नेटस्केप कंपनीतल्या लू माँटुली यांचा. वेबसाइट आपल्या ब्राउझरमध्ये मजकुराचा एक छोटा तुकडा ठेवते आणि पुढच्या प्रत्येक भेटीत ब्राउझर तो परत दाखवतो. लॉगिन टिकतं ते यामुळेच. पण बातमीच्या पानावरची जाहिरात दुसऱ्याच सर्व्हरवरून येते आणि तो सर्व्हरही स्वतःची कुकी ठेवू शकतो. हीच थर्ड पार्टी कुकी. तोच सर्व्हर हजारो साइट्सवर असला, की त्याला आपली सगळी वाटचाल दिसते. ‘फोन आपलं बोलणं चोरून ऐकतो, म्हणून तीच जाहिरात दिसते’ असं लोक छातीठोकपणे सांगतात. त्यासाठी कान लावून बसण्याची गरजच नाही. एवढी माग काढण्याची सोय पुरेशी आहे.

फायरफॉक्सने २०१९मध्ये माग काढणाऱ्या कुकी अडवल्या, सफारीने २०२०मध्ये थर्ड पार्टी कुकी सरसकट बंद केल्या. गुगलने जानेवारी २०२०मध्ये तसंच जाहीर केलं, तेव्हा मात्र प्रकरण तापलं. ब्राउझरच्या वापरात गुगलच्या क्रोमचा वाटा जगभरात साधारण दोन तृतीयांश आहे. शिवाय जाहिरात विकत घेणं, तिचा लिलाव आणि ती पानावर बसवणं या तिन्ही टप्प्यांवर गुगलची स्वतःची साधनं आहेत. कुकी गेली, तरी सर्च आणि यूट्यूबवर आपण काय करतो हे गुगलला थेट कळतंच. प्रतिस्पर्धी तेवढे आंधळे होतात. म्हणून सीएमएने जानेवारी २०२१मध्ये चौकशी सुरू केली.

कुकीच्या जागी गुगलने जी तंत्रं सुचवली, त्यातलं, आता गुंडाळलेलं ‘टॉपिक्स’ हे मला फार देखणं वाटतं. यात आपला इतिहास कोणाकडेच जात नाही. आपण कोणत्या साइट्स उघडल्या हे ब्राउझर स्वतःच पाहतो आणि दर आठवड्याला आपले पाच मुख्य विषय काढतो. समजा प्रवास, बागकाम, दुचाकी, गुंतवणूक, पाककृती. विषयांची ठरलेली यादी आहे: आधी साडेतीनशेच्या आसपास, नंतर ४६९. एखाद्या साइटने विचारलं, की ब्राउझर त्या आठवड्याच्या पाचांपैकी एकच विषय देतो, आणि कोणता ते साइटगणिक वेगवेगळं ठरतं. दोन साइट्सनी संगनमत केलं, तरी एकाच माणसासाठी दोघींना एकाच आठवड्याचा एकच विषय मिळण्याची शक्यता पाचात एक. त्यात ५ टक्के वेळा ब्राउझर मुद्दाम यादीतला भलताच विषय देतो, म्हणजे मिळालेला विषय खरा की बनावट हे ठामपणे सांगता येत नाही.

आता खरी मेख. ब्राउझर विषय देतो तो त्या विषयाच्या साइटवर आपल्याला गेल्या तीन आठवड्यांत ‘पाहिलेल्या’ जाहिरात कंपनीलाच. हेतू चांगला आहे: कुकीतून जे कळलं असतं, त्यापेक्षा जास्त कोणाला कळू नये. पण समजा ‘अ’ कंपनीचा कोड लाखो साइट्सवर आहे आणि ‘ब’चा फक्त काही बातम्यांच्या साइट्सवर. बातमीच्या पानावर आपला विषय ‘बागकाम’ निघाला, तर तो ‘अ’ला मिळतो आणि ‘ब’ला काहीच मिळत नाही. कुकीच्या काळात छोट्या कंपन्या आपापल्या कुकींचे क्रमांक एकमेकींशी जुळवून ही उणीव भरून काढायच्या. प्रायव्हसीच्या दृष्टीने ते वाईटच. पण तो रस्ता बंद झाला, की ज्याचा पसारा मोठा, त्यालाच उत्तर जास्त वेळा मिळतं. प्रायव्हसी जपणारी गाळणीच मोठ्याच्या पारड्यात वजन टाकते.

११ फेब्रुवारी २०२२ रोजी सीएमएने गुगलची हमी स्वीकारली. स्पर्धेच्या शंका मिटल्याशिवाय थर्ड पार्टी कुकी काढायच्या नाहीत. त्या गेल्यावर क्रोममधला ब्राउझिंग इतिहास स्वतःच्या जाहिराती नेमक्या माणसापर्यंत पोहोचवायला वापरायचा नाही. स्वतःच्या जाहिरात सेवांना झुकतं माप द्यायचं नाही. देखरेखीसाठी स्वतंत्र विश्वस्त नेमला गेला. जानेवारी २०२४मध्ये गुगलने १ टक्का क्रोम वापरकर्त्यांसाठी कुकी बंद करून चाचणी सुरू केली, म्हणजे वाद अंदाजांऐवजी आकड्यांवर घालता येणार होता. नियमन असं असावं, असं मला मनापासून वाटतं.

पुढे तारखा सरकत गेल्या. जुलै २०२४मध्ये गुगलने कुकी हटवण्याचा बेतच सोडला आणि एप्रिल २०२५मध्ये त्या हव्यात की नकोत हे वापरकर्त्याला वेगळं विचारण्याचाही. कुकी जाणार नसतील, तर हमीला अर्थ उरत नाही. म्हणून ती मागे घेतली गेली.

हा पेच एकट्या गुगलपुरता नाही. मार्च २०२५मध्ये फ्रान्सच्या स्पर्धा नियामकाने ॲपलला १५ कोटी युरोंचा दंड केला. माग काढण्याआधी ॲप्सनी परवानगी घ्यावी, या ॲपलच्या नियमाच्या हेतूला नियामकाचा विरोध नव्हता; आक्षेप अंमलबजावणीच्या रीतीवर होता. इतरांच्या ॲप्समध्ये होकार दोनदा द्यावा लागत होता, ॲपलच्या स्वतःच्या ॲप्समध्ये एकदाच.

क्रोममध्ये थर्ड पार्टी कुकी अजूनही चालू आहेत. नको असतील, तर सेटिंग्जमधल्या प्रायव्हसी विभागात जाऊन त्या आपल्याला बंद करता येतात.