गुणपत्रिका पाहून ठरणारा मोटारविम्याचा हप्ता

अमेरिकेत सोळा वर्षांच्या मुलाला परवाना मिळून घरच्या मोटारीच्या विम्यात त्याचे नाव चढले, की हप्ता एकदम वाढतो, आणि कॅलिफोर्नियात किंवा टेक्ससमध्ये स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांनाही हा खर्च चुकलेला नाही. मात्र मुलाची गुणपत्रिका चांगली असेल, तर बहुतेक मोठ्या विमा कंपन्या त्यात सवलत देतात. सर्वसाधारण अट अशी, की मुलगा किंवा मुलगी पंचविशीच्या आतील पूर्णवेळ विद्यार्थी असावी आणि सरासरी ‘बी’ श्रेणी, म्हणजे 4 पैकी 3 श्रेणीगुण, तरी राखलेली असावी. स्टेट फार्म ही कंपनी 25 टक्क्यांपर्यंत सूट देऊ करते.

बीजगणितातल्या गुणांचा ब्रेक दाबण्याशी काय संबंध, हा प्रश्न रास्तच आहे. अंतराच्या हिशेबाने पाहिले, तर 16 ते 19 वर्षांच्या चालकांच्या जीवघेण्या अपघातांचे प्रमाण वीस वर्षांवरील चालकांच्या जवळजवळ तिप्पट असते. पण या गटातला कोणता मुलगा सावध आणि कोणता बेफिकीर, हे ठरवायला कंपनीच्या हाती काहीच नसते, कारण त्याने गाडी चालवायला नुकतीच सुरुवात केलेली असते. त्यामुळे शाळेतली नोंद हा त्याच्या स्वभावाचा आडून मिळालेला पुरावा मानला जातो. नियमित अभ्यास करणारी मुले एक गट म्हणून कमी दावे करतात, असा कंपन्यांचा अनुभव आहे. अभ्यासामुळे गाडी चांगली चालवता येते, असा त्याचा अर्थ नव्हे. शिस्त, नियम पाळण्याची सवय, कदाचित रात्री मित्रांना गाडीत घेऊन कमी हिंडणे, यांपैकी काहीतरी दोन्हींच्या मुळाशी असावे.

इथेच मला ही पद्धत खटकते. शाळा सुटल्यावर दुकानात काम करून घराला हातभार लावणाऱ्या मुलाचे गुण घसरतात, आणि तो कितीही जपून गाडी चालवत असला तरी सवलत त्याच्या वाट्याला येत नाही. कॅलिफोर्नियात 1988 मध्ये मतदारांनी मंजूर केलेल्या प्रस्ताव 103 नुसार चालकाची सुरक्षिततेची नोंद, वर्षाकाठी कापलेले अंतर आणि अनुभवाची वर्षे यांनाच पहिले वजन द्यावे लागते. शैक्षणिक प्रगती तिथे ऐच्छिक आणि दुय्यम घटक आहे. हा क्रम मला योग्य वाटतो. वेग, अचानक लावलेले ब्रेक आणि गाडी चालवण्याची वेळ टिपणारी यंत्रे व मोबाइल अ‍ॅप आता अनेक कंपन्या वापरतात, आणि त्यांतून प्रत्यक्ष गाडी चालवण्याचेच मोजमाप होते.