इम्प्लांट गुळगुळीतच हवं?

शरीरात बसवायचं इम्प्लांट जितकं गुळगुळीत तितकं चांगलं, हा समज अर्धाच खरा. कृत्रिम खुब्याचा गोळा सांध्यात फिरतो, तो चकचकीतच लागतो. पण कृत्रिम दातासाठी जबड्यात रोवलेल्या टायटॅनियमच्या स्क्रूला हाड घट्ट धरतं ते पृष्ठभागाचा खडबडीतपणा सरासरी 1 ते 2 मायक्रोमीटर (मायक्रोमीटर म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) असेल तर. म्हणून त्यावर मुद्दाम बारीक कणांचा मारा करतात, आम्लाचा हात फिरवतात. फारच खडबडीत केला, तर जंतूंचं फावतं. (खडबडीत म्हणजे मळकट, हेही सरसकट खरं नाही, कमळाचं पान मेणचट सूक्ष्म उंचवट्यांमुळेच स्वच्छ राहतं.)

मुळात खडबडीतपणा मोजपट्टीनुसार बदलतो. गणितज्ञ मँडेलब्रोटने 1967 मध्ये ब्रिटनच्या किनाऱ्याबद्दल हेच मांडलं: मोजपट्टी लहान घ्या, मोजलेली लांबी वाढते. म्हणून खडबडीतपणाच्या सरासरीचा एकच आकडा अपुरा. तो सारखा असूनही दोन पृष्ठभाग पेशींना वेगळे लागू शकतात.