पिवळी तिळवण

मराठवाड्यात पावसाळ्यात पडीक रानात, बांधावर व रस्त्याकडेला उगवणारी वर्षायू, चिकट वनस्पती. हिंदी नाव हुलहुल. वनस्पतिशास्त्रीय नाव क्लिओम व्हिस्कोजा; ‘व्हिस्कोजा’ म्हणजेच चिकट. उंची साधारण ३० ते १०० सेंमी.; पान ३ ते ५ दलांचे, फुले पिवळी, चार पाकळ्यांची. खोड, पाने, देठ व शेंग यांवर ग्रंथियुक्त केस असतात. त्यांतील उग्र वासाचा स्राव खुरपणाऱ्याच्या हाताला चिकटून राहतो. त्यावर बारीक किडे अडकून मरतात. तथापि दवबिंदू (ड्रॉसेरा) या कीटकभक्षी वनस्पतीसारखे पाचक स्राव येथे आढळत नसल्याने तिला कीटकभक्षी म्हणणे योग्य नाही.

नावाचा प्रश्न गुंतागुंतीचा आहे. डच अधिकारी ऱ्हीडे याच्या ‘हॉर्टस मलबारिकस’ या मलबारच्या वनस्पतींवरील ग्रंथात (१६७८–९३) ती ‘अरियवीला’ या मलबारी नावाने आली. लिनीअसने १७५३ मध्ये क्लिओम प्रजातीत (वंशात) घातली. राफिनेस्कने १८३८ मध्ये मलबारी नावावरूनच ‘आरिव्हेला’ ही स्वतंत्र प्रजाती सुचविली आणि अलीकडे काही अभ्यासक तीच स्वीकारतात. जुन्या ग्रंथांत कुल वरुणाचे (कॅपॅरिडेसी) दिलेले असते. जनुकीय अभ्यासानंतर क्लिओमेसी हे वेगळे कुल मानले जाते व ते मोहरीच्या कुलाला अधिक जवळचे ठरते. बी न पाहताही शेंगेवरून हे नाते सुचावे, इतकी ती मोहरीच्या शेंगेसारखी दिसते. फक्त आतला पडदा नसतो.

संस्कृत नावांबाबत मतभेद आहेत. ‘आदित्यभक्ता’ व ‘सुवर्चला’ ही नावे काही जण हिला, तर काही पांढऱ्या तिळवणीला लावतात. सूर्याकडे वळण्याचे लक्षण इतर अनेक वनस्पतींतही असल्याने तेवढ्यावरून निर्णय करता येत नाही. ‘अजगंधा’ (बोकडाच्या वासाची) हे नाव पांढरीला लावणे अधिक सयुक्तिक वाटते. पांढरीत पुंकेसर सहाच असून ते किंजपुटाखालच्या (ज्याची पुढे शेंग होते त्या भागाखालच्या) लांब दांड्यावर असतात. पिवळीत ते बहुधा दहाहून अधिक व दांड्याविना असतात.

गढवाल-कुमाऊँत बी ‘जखिया’ नावाने फोडणीत वापरतात. कानदुखीवर पाल्याचा रस घालण्याची प्रथा आहे. कानाच्या पडद्याला छिद्र असल्यास तो अपायकारक ठरतो, म्हणून वैद्याला दाखविल्याशिवाय कानात काहीही घालू नये. ‘कानफुटी’ हे नाव हिच्याप्रमाणे कपाळफोडीलाही चालते. त्यामुळे नावावरून औषध घेताना घोटाळा होतो.